थंड प्रदेशातील क्रूझसाठी कोणते कपडे न्यावेत? पुण्याहून निघणाऱ्या प्रवाशांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातून अलास्का, नॉर्वे किंवा अंटार्क्टिकाच्या क्रूझला जाणाऱ्यांमध्ये दोन प्रकारचे प्रवासी प्रामुख्याने दिसतात. एक म्हणजे मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेत काही महिने राहायला जाणारे आणि त्याच मुक्कामात सिएटल किंवा व्हँकुव्हरहून अलास्का पाहून येणारे आई-वडील. दुसरे म्हणजे सह्याद्री पायाखाली घातलेले, हिमालयात एखादा ट्रेक केलेले मध्यमवयीन प्रवासी. पहिल्यांना थंडीची धास्ती वाटते आणि ते गरजेपेक्षा जास्त सामान घेतात. दुसऱ्यांना आपल्याकडे सगळे आहेच असे वाटते आणि नेमकी महत्त्वाची वस्तू राहून जाते. पुढील उत्तरे या दोघांनाही डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

क्रूझवर नेमकी किती थंडी असते?

हे प्रदेशावर आणि महिन्यावर ठरते. अलास्काच्या क्रूझ साधारणपणे एप्रिलअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालतात. जुलै महिन्यात जूनो शहरात दुपारी १७-१८ अंश सेल्सिअस आणि पहाटे १० अंशांच्या आसपास तापमान असते, म्हणजे पहाटेचा आकडा पुण्यातल्या डिसेंबरसारखाच असतो. मे आणि सप्टेंबरमध्ये दुपारचे तापमान त्याहून चार-पाच अंशांनी कमी असते. नॉर्वेच्या किनाऱ्यावरील ट्रॉम्सो हे शहर उत्तर ध्रुववृत्ताच्या बरेच वर असूनही अटलांटिक महासागराच्या उबदार प्रवाहामुळे तिथे जानेवारीचे सरासरी तापमान उणे ३-४ अंशांच्या आसपास राहते, परंतु बर्गनहून उत्तरेकडे जाणाऱ्या किनारी क्रूझ-मार्गाच्या टोकाला असलेल्या किर्कनेसमध्ये पारा उणे १० च्या खाली सहज जातो. अंटार्क्टिक द्वीपकल्पाकडे प्रवासी जहाजे नोव्हेंबर ते मार्च या काळात जातात. तो तिथला उन्हाळा असल्याने तापमान शून्याच्या थोडे वर-खाली होत राहते.

मात्र हवामानाच्या अंदाजातील आकडा पाहून कपडे ठरवणे पुरेसे नाही, कारण डेकवर खरी थंडी वाऱ्याची असते. जहाज ताशी २० सागरी मैल, म्हणजे सुमारे ३७ किलोमीटर वेगाने जात असेल, तर हवा पूर्ण स्थिर असतानाही डेकच्या पुढच्या भागात उभ्या असलेल्या माणसाला तितक्याच वेगाचा वारा लागतो. वाऱ्यामुळे जाणवणारा गारठा मोजण्याचे जे सूत्र हवामानशास्त्रात वापरतात, त्यानुसार अशा वाऱ्यात १० अंश तापमान सुमारे ६ अंशांसारखे आणि ५ अंश तापमान शून्याच्याही किंचित खाली गेल्यासारखे जाणवते. हिमनदीजवळ पोहोचल्यावर जहाज वेग कमी करते हे खरे, पण तिथे बर्फावरून घसरत येणारी थंड, जड हवा थेट अंगावर येते. त्यामुळे पुण्याच्या थंडीत स्वेटर न घालणाऱ्या माणसालाही डेकवर स्वेटर आणि त्यावर जॅकेट लागते.

मग सर्वांत जाड ओव्हरकोट घेतला की काम भागेल का?

भागत नाही, आणि बॅगेची निम्मी जागा मात्र जाते. जहाजाच्या आत २०-२२ अंश तापमान राखलेले असते, डेकवर वारा असतो, आणि बंदरावर उतरून अर्धा तास चढ चढला की घाम येतो. एकाच दिवसात या तीनही स्थिती अनेकदा येतात. जाड कोट एकतर अंगावर असतो किंवा हातात. त्याच्यात मधली सोय नसते. म्हणून तीन थरांची पद्धत स्वीकारावी.

अंगालगतचा थर म्हणजे थर्मल. तो अंगाला घट्ट बसणारा, पण काखेत आणि गुडघ्यामागे न काचणारा असावा. त्याचे पहिले काम घाम त्वचेवरून उचलून बाहेर नेण्याचे आहे आणि ऊब देण्याचे काम त्यानंतरचे आहे. म्हणून तो पॉलिस्टरसारख्या कृत्रिम धाग्याचा किंवा मेरिनो लोकरीचा घ्यावा. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीस टक्क्यांपर्यंत ओलावा धरून ठेवते आणि तरीही हाताला ओली लागत नाही. शिवाय तिला घामाचा वास लवकर धरत नाही, त्यामुळे मेरिनोचा थर्मल तीन-चार दिवस सहज वापरता येतो. तो महाग असतो, पण एक जोडी मेरिनो आणि एक जोडी साधी, अशी विभागणी बहुतेकांना परवडते.

मधला थर हवा अडकवून ठेवतो आणि शरीराची ऊब बाहेर जाऊ देत नाही. फ्लीसचे जॅकेट, घरचा लोकरी स्वेटर किंवा दाबून लहान करता येणारे हलके पफर जॅकेट यांपैकी काहीही इथे चालते. पफरमध्ये पिसे भरलेली असतील तर ते भिजल्यावर बसते आणि ऊब देईनासे होते. अलास्कासारख्या पावसाळी प्रदेशासाठी कृत्रिम भरण असलेले पफर अधिक भरवशाचे ठरते.

बाहेरचा थर म्हणजे वारा आणि पाणी अडवणारे जॅकेट. त्यात अस्तराची किंवा जाड भरणाची गरज नसते. माझ्या मते संपूर्ण सामानातील सर्वांत महत्त्वाचा कपडा हाच आहे. पैसे वाचवायचे असतील तर थर्मलमध्ये वाचवावेत, फ्लीसमध्ये वाचवावेत, पण इथे हात आखडता घेऊ नये.

बाहेरचे जॅकेट घेताना दुकानात काय पाहावे?

जॅकेट उलटे करून शिवणी पाहाव्यात. ज्या जॅकेटच्या प्रत्येक शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली असते, तेच खऱ्या अर्थाने पाणी अडवते. पट्टी फक्त खांद्यावर आणि टोपीवर असेल तर तासाभराच्या पावसात काखेतून आणि चेनच्या बाजूने पाणी शिरते. लेबलवर १०,००० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक आकडा असावा. कापड किती उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब सहन करते, हे त्यावरून कळते. त्यानंतर आत स्वेटर घालून जॅकेट चढवावे आणि दोन्ही हात वर करावेत. कंबर उघडी पडली तर एक माप मोठे घ्यावे. टोपी ओढून दोरी आवळावी आणि मान डावीकडे-उजवीकडे वळवून पाहावी. टोपी मानेबरोबर वळली नाही, तर डेकवर देवमासा दिसल्याचा पुकारा झाल्यावर वळून पाहताना डोळ्यांसमोर टोपीचे कापड येते.

पुण्याच्या पावसाळ्यात वापरतो तो रेनकोट चालणार नाही का?

दुचाकीवर वापरायचा प्लॅस्टिकचा रेनकोट पाणी अडवतो, पण आतला घाम बाहेर जाऊ देत नाही. वीस मिनिटांच्या प्रवासात हे जाणवत नाही. तीन तासांच्या भ्रमंतीत थर्मल आतूनच ओला होतो आणि थांबल्यावर हुडहुडी भरते. अलास्कातील केचिकान येथे वर्षाला ३,५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पुणे शहरात साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर. शिवाय तिथला पाऊस आपल्यासारखा चार महिन्यांत आटोपत नाही, वर्षभर पडत राहतो. नॉर्वेतील बर्गनही पावसासाठी प्रसिद्ध आहे. छत्रीचा मोह टाळावा, कारण बंदरावरच्या वाऱ्यात ती उलटते आणि हात अडकून राहतो.

आपले जॅकेट पुरेसे आहे की नाही हे निघण्यापूर्वी तपासायचे असेल, तर पुणेकरांना त्यासाठी चांगली सोय आहे. जुलै-ऑगस्टमध्ये सिंहगडाच्या माथ्यावर, कल्याण दरवाज्याच्या बाजूला जिथे पाऊस आडवा येतो, तिथे आत थर्मल आणि फ्लीस घालून अर्धा तास न हलता उभे राहावे. मनगटाजवळ, गळ्याशी आणि चेनच्या आतल्या कडेला हात फिरवून ओल लागते का ते पाहावे. ओल लागली तर जॅकेट बदलायला वेळ असतो.

हिमालयाच्या ट्रेकसाठी घेतलेले कपडे आहेत. तेवढ्यावर जाता येईल का?

बऱ्याच प्रमाणात येईल, पण एक फरक लक्षात घ्यावा लागेल. ट्रेकमध्ये माणूस चालत असतो आणि चालणारे शरीर स्वतः उष्णता तयार करते. क्रूझवर सर्वाधिक थंडी वाजते ती न हलता उभे असताना. अलास्कातील ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात जहाज जवळजवळ दिवसभर फिरते, हिमनदीसमोर बराच वेळ थांबते, आणि बर्फाचा कडा समुद्रात कोसळताना पाहण्यासाठी प्रवासी कठड्याला टेकून तासन्‌तास उभे राहतात. त्यामुळे ट्रेकमध्ये पुरलेल्या कपड्यांवर मधला एक थर वाढवावा, आणि पायांची अधिक काळजी घ्यावी. ट्रेकचे कपडे वापरणाऱ्यांकडे सहसा जी वस्तू नसते ती म्हणजे पाणी अडवणारी वरची पँट; ती अवश्य घ्यावी. तिला पायाच्या बाजूने गुडघ्यापर्यंत चेन असेल तर बूट न काढता चढवता येते.

जीन्स आणि सुती कपडे नेऊच नयेत का?

जहाजाच्या आत घालण्यासाठी जरूर न्यावेत. बाहेर मात्र टाळावेत, कारण सुती कापड भिजले की ऊब देत नाही आणि लवकर वाळतही नाही; भिजलेली जीन्स केबिनमध्ये दुसऱ्या दिवशीही दमटच राहते.

हात, पाय आणि कान यांसाठी काय घ्यावे?

अनुभवी प्रवासीही इथेच कमी पडतात. जॅकेटवर हजारो रुपये खर्च होतात आणि हातमोजे मात्र ऐनवेळी मिळतील ते घेतले जातात. हातमोज्यांच्या दोन जोड्या असाव्यात: आत बसणारी पातळ जोडी, जी घालून मोबाइलवर फोटो काढता येतो, आणि तिच्यावर चढणारी जाड, पाणी अडवणारी जोडी. वरची जोडी काढल्यावर ती वाऱ्याने उडून समुद्रात जाऊ नये म्हणून तिला मनगटाशी अडकवायची दोरी असेल तर उत्तम.

कानटोपी लोकरीची असावी आणि ती जॅकेटच्या टोपीखाली बसायला हवी. आपली माकडटोपी डेकवर अतिशय उपयोगी पडते. ती कान, हनुवटी आणि मान एकदमच झाकते, आणि तिथे ती घालायला संकोच करण्याचे काहीही कारण नाही. लांब मफलरऐवजी गळ्यात घालायची गोल पट्टी घ्यावी, कारण मफलरची टोके वाऱ्यात सुटतात आणि लहान बोटीत चढता-उतरताना अडकू शकतात.

बुटांबाबत एक गैरसमज आहे. थंडी आहे म्हणून नेहमीच्या मापाच्या बुटात मोज्यांचे दोन जोड कोंबले जातात. त्याने पाय आवळला जातो, रक्तप्रवाह कमी होतो आणि पाय आणखी गार पडतात. त्याऐवजी एक जाड लोकरी मोजा घालून बूट निवडावा. तो संध्याकाळी घ्यावा, कारण दिवसभरात पाय किंचित फुगलेले असतात, आणि पुढे बोटे मोकळी हलतात याची खात्री करावी. घोटा झाकणारा, पाणी अडवणारा, खोल नक्षीच्या तळाचा एक बूट आणि जहाजात घालायला एक साधा जोड एवढे पुरे. घरात अनवाणी वावरण्याची आपली सवय केबिनमध्येही जात नाही, तेव्हा हलक्या स्लिपर जवळ असाव्यात.

जहाजाच्या आत कोणते कपडे घालायचे?

पुण्यात हिवाळ्यात संध्याकाळी घालतो तेच. दिवसातील बहुतेक वेळ आतच जातो, म्हणून सगळी बॅग लोकरी कपड्यांनी भरणे चुकीचे आहे. सलवार-कमीज, कुर्ता, शर्ट-पँट, एखादा पातळ कार्डिगन किंवा शाल इतके पुरते. आत थर्मल घालून जेवायला बसल्यास थोड्याच वेळात उकडू लागते.

फॉर्मल नाइटला साडी चालते का?

चालते, आणि ती शोभून दिसते. अलास्काच्या सात रात्रींच्या मोठ्या क्रूझवर सहसा एक किंवा दोन संध्याकाळी औपचारिक पोशाखाच्या असतात. पैठणी असो वा कांजीवरम, रेशमाला अंगची ऊब असते. ब्लाऊज लांब बाह्यांचा शिवून घेतला आणि परकराखाली थर्मलची पँट घातली, तर जेवणघरातून डेकवर दोन मिनिटे फोटोसाठी जाऊन येणेही जमते. निऱ्यांना पिना अधिक लावाव्यात आणि उंच टाचा टाळाव्यात, कारण जहाज हलत असते आणि जिने अरुंद असू शकतात. पुरुषांसाठी बंदगळा, किंवा कुर्त्यावर जाकीट हा पूर्णपणे औपचारिक पोशाख आहे. केवळ या एक-दोन संध्याकाळींसाठी नवा सूट शिवण्याची आवश्यकता नाही.

इस्त्री किंवा वाफेची इस्त्री सोबत नेऊ नये. आगीच्या भीतीने बहुतेक जहाजांवर ती नेण्यास मनाई असते आणि तपासणीत ती काढून ठेवली जाते. रेशमी साडी मलमलच्या कापडात सैल गुंडाळून न्यावी आणि आदल्या रात्री हँगरला लावून ठेवावी.

नॉर्वेच्या किनारी जहाजांवर आणि अंटार्क्टिकाच्या मोहीम-जहाजांवर औपचारिक पोशाखाचा आग्रह जवळपास नसतोच. तिथे भरजरी कपड्यांची जागा आणखी एका फ्लीसला द्यावी.

सात रात्रींसाठी एकूण किती कपडे पुरतात?

एका व्यक्तीसाठी थर्मलच्या दोन जोड्या, मधल्या थराचे दोन कपडे, बाहेरचे एक जॅकेट, पाणी अडवणारी एक पँट, लवकर वाळणाऱ्या कापडाच्या दोन पँट, आत घालायचे चार-पाच साधे कपडे, औपचारिक एक पोशाख आणि जाड मोज्यांच्या तीन-चार जोड्या इतके पुरेसे आहे. यापेक्षा अधिक वाटले, तर थर वाढवण्याऐवजी मोजे वाढवावेत.

थर्मल रात्री केबिनच्या न्हाणीघरात धुता येतो. पिळण्याऐवजी तो टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावा, म्हणजे पाणी टॉवेलमध्ये उतरते, आणि मग न्हाणीघरातल्या दोरीवर टाकावा. ही दोरी अनेक जहाजांवर असते. कापड मऊ करणारे द्रव वापरू नये, कारण त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि थर्मलची घाम उचलण्याची क्षमता कमी होते. केबिनच्या भिंती बहुधा लोखंडी असतात, त्यामुळे चुंबकाचे चार-सहा हुक नेल्यास ओली जॅकेटे, टोप्या आणि हातमोजे टांगण्याची सोय होते. मोठ्या मुक्कामात या हुकांचा फार उपयोग होतो.

अंटार्क्टिकासाठी वेगळी तयारी करावी लागते का?

होय, आणि ती थोडी सविस्तर समजून घ्यावी. अर्जेंटिनातील उशुआइया बंदरातून निघालेले जहाज साधारण दोन दिवस ड्रेक सामुद्रधुनी ओलांडते आणि त्यानंतर प्रवाशांना रबराच्या लहान बोटींतून किनाऱ्यावर नेले जाते. या बोटींत पाणी उडते, आणि किनाऱ्यावर उतरताना अनेकदा गुडघ्याखालच्या पाण्यात पाऊल टाकावे लागते. म्हणून पाणी अडवणारी पँट ही इथे सोयीची वस्तू न राहता अनिवार्य ठरते, आणि ती बुटाच्या आत न खोचता बुटावरून बाहेर सोडायची असते. आत खोचल्यास लाटेचे पाणी थेट बुटात उतरते. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट बहुतेक जहाजे वापरायला देतात आणि अनेक कंपन्या पार्का, म्हणजे टोपी असलेला जाड कोटही देतात. आरक्षण करतानाच हे लेखी विचारून घ्यावे, म्हणजे पुण्यात त्यावर खर्च होणार नाही आणि बॅगेतील काही किलो वजन वाचेल.

दुसरी बाब स्वच्छतेची. बाहेरचे बी, माती किंवा कीटक अंटार्क्टिकात जाऊ नयेत यासाठी उतरण्यापूर्वी प्रत्येकाचे कपडे, बॅगा आणि बूट तपासले जातात, व्हॅक्यूमने साफ केले जातात आणि बूट जंतुनाशकात बुडवले जातात. सह्याद्रीत वापरलेल्या कपड्यांची अडचण नेमकी इथे येते. हिवाळ्यातल्या ट्रेकमध्ये मोज्यांत, बुटांच्या नाड्यांत आणि पँटच्या खालच्या कडेत जी कुसळे रुततात, ती धुण्याने निघत नाहीत. ती विणीत आडवी शिरून बसतात. चिमटा घेऊन, मोजा हातावर उलटा चढवून, उजेडात एकेक कुसळ काढावे लागते. वेल्क्रोच्या पट्ट्या टाचणीने विंचरून त्यातले गवत काढावे, खिसे उलटे करून झटकावेत, आणि बुटांच्या तळाची नक्षी जुन्या दातघासणीने खरवडावी. हे काम घरी एका दुपारी निवांत होते. त्या भूमीचे जे वेगळेपण पाहण्यासाठी आपण इतक्या दूर जातो, ते आपल्याच मोज्यातल्या बियांनी बिघडू नये, ही जबाबदारी प्रत्येक प्रवाशाने मनापासून घ्यायला हवी.

पक्ष्यांमधील तापाच्या (बर्ड फ्लूच्या) साथीमुळे अलीकडच्या हंगामांत किनाऱ्यावर बसणे, गुडघे टेकणे किंवा बॅग जमिनीवर ठेवणे यांवर निर्बंध आहेत. त्यामुळे सर्व वस्तू अंगावरील खिशांत मावतील असे जॅकेट असावे.

नॉर्वेत हिवाळ्यात उत्तर ध्रुवीय प्रकाश पाहायचा आहे. त्यासाठी काय लागेल?

प्रकाश केव्हा दिसेल हे सांगता येत नाही. रात्री उशिरा ध्वनिक्षेपकावर घोषणा होते आणि लोक डेककडे धावतात. कधी तो प्रकाश तासभर राहतो, कधी पाच मिनिटांत विरतो. झोपेतून उठून मोजा कुठे आणि टोपी कुठे असे शोधत बसल्यास तो निघून जातो. म्हणून झोपण्यापूर्वी खुर्चीवर कपडे ज्या क्रमाने चढवायचे त्याच क्रमाने ठेवावेत: सर्वांत वर मोजे, त्याखाली जाड पँट, मग फ्लीस, मग जॅकेट, हातमोजे जॅकेटच्या खिशांत आणि टोपी त्याच्या बाहीत. थर्मल अंगावर घालूनच झोपावे. मोबाइलची बॅटरी गारठ्यात लवकर उतरते, तेव्हा जॅकेटला आतून खिसा असेल तर तो त्यात ठेवावा.

बंदरांवर गोठलेल्या रस्त्यांवरून चालताना बुटांवर चढवायच्या काटेरी पट्ट्या आवश्यक असतात. हिमालयात बर्फावर चाललेल्या पुणेकरांना त्या मायक्रोस्पाइक्स म्हणून ठाऊक आहेत. दुकानात किंवा जहाजात शिरताना त्या काढाव्या लागतात, म्हणून हातमोजे न काढता निघतील अशाच घ्याव्यात. कुत्र्यांच्या घसरगाडीसारख्या सहलीला जाणार असाल, तर आयोजक बहुधा अंगभर झाकणारा जाड पोशाख देतात.

बर्गन ते किर्कनेस या किनारी मार्गावर उत्तर ध्रुववृत्त ओलांडल्यावर इच्छुक प्रवाशांच्या मानेवरून पाठीत बर्फाचे पाणी ओतण्याची प्रथा आहे. भाग घ्यायचा असेल तर त्या दिवशी पुढून उघडणारे जॅकेट आणि लवकर वाळणारा थर्मल घालावा.

ज्येष्ठ नागरिकांनी कोणती विशेष काळजी घ्यावी?

कपडा किती उबदार आहे याइतकेच तो घालता-काढता येतो का हेही पाहावे. खांदा धरलेला असेल तर डोक्यातून घालायचा घट्ट थर्मल चढवणे त्रासाचे होते. अशा वेळी पुढे चेन किंवा बटणे असलेला थर्मल आणि पुढून उघडणारा स्वेटर घ्यावा. चेनच्या टोकाला नाडीचा तुकडा बांधला तर हातमोजे घालूनही ती ओढता येते. कमरेला इलॅस्टिक असलेली पँट न्यावी, कारण तीन थरांखाली बटणे आणि पट्टा सोडवताना स्वच्छतागृहात घाई होते. बुटाला नाडीऐवजी चेन किंवा वेल्क्रो असावे, म्हणजे वाकावे लागत नाही.

अमेरिकेत मुलांकडे जाऊन तिथून क्रूझला निघणाऱ्या आई-वडिलांनी जाड जॅकेट पुण्याहून नेण्याआधी मुलांना एकदा विचारावे. त्यांच्या घरी एखादे जास्तीचे जॅकेट बहुधा असते. बूट मात्र इथूनच, पायात घालून सवय झालेले न्यावेत.

लहान मुलांसाठी?

वाढत्या वयात महागडे कपडे घेणे परवडत नाही, म्हणून नात्यातून मागून घ्यावेत. फक्त हातमोजे आणि मोजे मोठ्यांपेक्षा दुप्पट न्यावेत. ते भिजतात आणि हरवतात.

पुण्यात हे कपडे कधी आणि कुठे घ्यावेत?

डिसेंबर-जानेवारीत घ्यावेत, प्रवास जूनमध्ये असला तरीही. हिवाळ्यात शहरात तिबेटी विक्रेत्यांची स्वेटरची दुकाने लागतात, लक्ष्मी रस्त्यावर आणि कॅम्पात लोकरी कपडे मांडलेले असतात, आणि मापांची निवड मोठी असते. एप्रिलमध्ये विचारल्यास दुकानदार माळ्यावर हात दाखवतात. डेकॅथलॉनसारख्या क्रीडासाहित्याच्या दुकानांत आणि ट्रेकिंगचे साहित्य विकणाऱ्यांकडे थर्मल, फ्लीस आणि पाणी अडवणारी पँट वर्षभर मिळते. जाड जॅकेट आणि बूट भाड्यानेही मिळतात. भाड्याचे जॅकेट एकदाच्या प्रवासासाठी योग्य आहे. भाड्याचे बूट घेऊ नयेत, कारण ते दुसऱ्याच्या पायाला बसलेले असतात.

जुने लोकरी कपडे ट्रंकेतून काढून नेता येतील का?

अवश्य. आजीने विणलेला स्वेटर आजही मधल्या थराचे काम उत्तम करतो. फक्त डांबराच्या गोळ्यांचा वास केबिनमध्ये कोंडतो, म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी कपडे काढून चांगले दोन-तीन दिवस गच्चीत सावलीत, वाऱ्यावर टाकावेत आणि कसर लागलेली भोके वेळीच रफू करून घ्यावीत.

पोहण्याचे कपडे न्यावेत का?

न्यावेत. मोठ्या जहाजांवर गरम पाण्याचे कुंड असते, आणि हिमाच्छादित डोंगर पाहत त्यात बसता येते. पोहण्याचे कपडे नायलॉनचे असावेत, सुती नकोत.

विमानात कोणते कपडे हातातील बॅगेत ठेवावेत?

पुण्याहून अलास्का किंवा नॉर्वेसाठी थेट विमान नाही. मुंबई किंवा दिल्लीमार्गे एक-दोन ठिकाणी विमान बदलावे लागते, आणि प्रत्येक बदलात बॅग मागे राहण्याची शक्यता असते. जहाज कोणाच्या बॅगेसाठी थांबत नाही. म्हणून जाड बूट आणि बाहेरचे जॅकेट अंगावर घालून निघावे, आणि थर्मलची एक जोडी, फ्लीस, कानटोपी, हातमोजे, मोज्यांच्या दोन जोड्या व औषधे हातातील बॅगेत ठेवावीत. दोघे प्रवास करत असतील तर प्रत्येकाचे थोडे कपडे दुसऱ्याच्या मोठ्या बॅगेत ठेवावेत. एक बॅग उशिरा आली तरी दोघांचेही निभावते. शक्य असेल तर जहाज सुटण्याच्या किमान एक दिवस आधी त्या शहरात पोहोचावे.

जहाजात चढण्याच्या दिवशीही हीच बॅग कामी येते. बंदरावर सोपवलेल्या मोठ्या बॅगा केबिनच्या दारात येईपर्यंत अनेकदा संध्याकाळ होते, आणि जहाज बंदर सोडते तेव्हा सगळे प्रवासी डेकवर असतात. त्या वेळी जॅकेट आणि टोपी हाताशी असायला हवी.